वासावरून शिक्षा नको, कामाच्या जागी नशामुक्तीचे धोरण हवे

तेर हे धाराशिव जिल्ह्यातले गाव आज तेरणेच्या काठावरचे एक मोठे खेडे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र ते 'तगर' या नावाने जगाला माहीत होते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याची नोंद आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असे. त्याच ग्रंथात भडोचला परदेशातून उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत दारूही आहे. येथील त्रिविक्रम मंदिराची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे या मातीत कष्टकऱ्यांचा घाम आहे, तथागतांच्या धम्माचा ठेवा आहे आणि दारूचा व्यापारही जुनाच आहे. म्हणूनच आजचा विषय आम्ही तेरपासून सुरू करीत आहोत.

विषय आहे कामाच्या जागी होणाऱ्या नशेचा. त्यावर बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक मालकाचा : "ही माणसे पितातच, हाकलून द्या." दुसरा आपलाच : "गरीब माणूस आहे, सांभाळून घ्या." हे दोन्ही सूर खोटे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्यात माणुसकी नाही आणि दुसऱ्यात जबाबदारी नाही. आम्ही स्वतः बरीच वर्षे दुसऱ्या सुरात बोलत आलो. त्याची किंमत आम्ही नव्हे, एका कामगाराने मोजली. ती हकिगत आधी सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी तेर परिसरातला एक समाजबांधव आमच्याकडे आला. एका लहान कारखान्यात तो मशीनवर होता. "तोंडाला दारूचा वास येत होता" एवढ्या एका ओळीवर मालकाने त्याला कामावरून काढले होते. ना डॉक्टर, ना तपासणी, ना नोटीस, ना चौकशी. आम्ही प्रकरण हाती घेतले. बच्चूभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, तोंडाचा वास, अडखळती चाल आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही. तो फौजदारी निकाल होता, पण त्यातले तत्त्व आम्ही मांडले. मालकाने माघार घेतली आणि आमचा माणूस कामावर परत गेला. आम्ही हार-तुरे स्वीकारले.

पण तो खरोखर पीत होता काय, किती पीत होता, का पीत होता, हे आम्ही त्याला कधी विचारलेच नाही. आम्ही खटला लढलो, माणसाकडे पाहिले नाही. पुढे वर्षभरात त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला. रुग्णालयात रक्त तपासले गेले आणि या वेळी कागदावर वास नव्हता, प्रमाण होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातली तरतूद आम्हाला पाठ होती : अपघात थेट नशेमुळे झाला असेल आणि त्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. एक हात जाणे हे कायद्याच्या भाषेत पूर्ण अपंगत्व नव्हे. तो मेला असता तर त्याच्या बायकोला भरपाई मागता आली असती. हात गेला म्हणून काहीच मिळाले नाही. ती बाई आम्हाला एवढेच म्हणाली, "साहेब, त्या वेळी तुम्ही त्याला कामावर लावलं, तसं दवाखान्यात लावलं असतं तर?" या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आजचा हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात, म्हणजे ज्याला आपण स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतो त्यात, कामाच्या ठिकाणी दारूच्या नशेत असणे हे गैरवर्तन ठरवले होते. पण त्याचबरोबर आरोपपत्र, खुलासा आणि चौकशी यांचे संरक्षणही कामगाराला होते. महाराष्ट्रात ५० कामगार असलेल्या आस्थापनेला तो कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० कामगारांवर नेली गेली. याचा अर्थ समजून घ्या. वीटभट्टी, खडीकेंद्र, दाळमिल, जिनिंग, गुऱ्हाळ, ट्रॅक्टर-ट्रॉली, बांधकाम, या ठिकाणी ३०० माणसे कुठे असतात? आपला बहुसंख्य समाज जिथे राबतो, तिथे स्थायी आदेशच नाहीत. तिथे मुकादमाचे नाक हीच प्रयोगशाळा आणि मुकादमाचा शब्द हाच निकाल. भरपाई नाकारण्याची ती जुनी तरतूद मात्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम ठेवलेली आहे. संरक्षण गेले, शिक्षा राहिली!

वाहनचालकाच्या बाबतीत कायद्याने निदान माप तरी ठरवले आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मशीनवर, परातीवर, पालकावर उभ्या असलेल्या मजुरासाठी लहान आस्थापनांत असे कोणतेही माप नाही. शिवाय मधुमेही माणसाची साखर अचानक उतरली की तो दारुड्यासारखा अडखळतो, घामाघूम होतो, भलतेच बोलतो. उन्हाचा तडाखा बसलेला मजूरही भ्रमिष्टासारखा वागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा माणसाला "पिऊन आलाय" म्हणून झाडाखाली टाकून देणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणे होय.

आता दुसरी बाजू. आपला माणूस कामावर पितो का, याचे उत्तर प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. गटारात उतरणारा सफाई कामगार, शवविच्छेदन गृहात काम करणारा माणूस, मेलेली जनावरे ओढणारा माणूस, यांना विचारा. ते सांगतील, शुद्धीवर राहून हे काम होत नाही. कित्येक ठिकाणी काम सांगणाराच बाटलीचे पैसे हातावर ठेवतो आणि उद्या तोच माणूस "हा दारुडा आहे" असा शेरा मारतो. ज्या जातिव्यवस्थेने हे काम आमच्या माथी मारले, तिनेच ते सहन करण्यासाठी दारू दिली आणि तिनेच दारुडा म्हणून हिणवले. माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत घातक रीतीने उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. म्हणून सफाई कामगाराने पिऊ नये असे म्हणणाऱ्या नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने आधी त्याला गटारात उतरवणे बंद करावे, मगच त्याच्या तोंडाचा वास घ्यावा.

ऊसतोडीचेही तसेच. कळंब, वाशी, भूम भागातून कोयते बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला, थंडीत पाचटावर झोप. अंगदुखी मारण्यासाठी संध्याकाळी बाटली, आणि बाटलीचे पैसे पुन्हा उचलीत जमा. उसापासून साखर होते, साखरेतून मळी निघते, मळीतून मद्यार्क निघतो आणि त्याची देशी दारू होते. जो हात ऊस तोडतो त्याच्याच घशात तो ऊस परत जातो आणि त्यावरचा कर सरकारच्या तिजोरीत जातो. या चक्रात नफा कोणाचा आणि लिव्हर कोणाचे, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. दक्षिण आफ्रिकेत द्राक्षमळ्यांवरच्या काळ्या व मिश्रवर्णीय मजुरांना मजुरीचा काही भाग दारूच्या रूपात देण्याची 'डॉप' नावाची पद्धत होती. ती कायद्याने बंद केल्यावरही कित्येक वर्षे चालली. आईच्या दारूमुळे गर्भातच बाधा होऊन जन्मलेल्या बालकांचे प्रमाण त्या भागात जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. इंग्लंडमध्ये गुत्त्यात मजुरी वाटण्यावर १८८३ साली कायदा करून बंदी घालावी लागली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण कराराने मजुरीच्या बदल्यात दारू किंवा घातक औषधे देण्यास मनाई केली आहे. गुलाम बनवण्यासाठी साखळदंड लागतातच असे नाही, बाटलीही पुरते.

मग दारूबंदी हाच उपाय का? येथे परमपूज्य बाबासाहेबांची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. बाबासाहेब स्वतः निर्व्यसनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीच्या धोरणाला विरोध होता. कारण बंदीने सरकारचे उत्पन्न बुडते, दारू मात्र बुडत नाही, ती घरोघर गाळली जाते. आपल्या डोळ्यांसमोर उदाहरणे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ साली सरकारनेच ती उठवली. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती बहुतेक हातावर पोट असलेली होती. बंदी हुकमाने येते, निर्व्यसनीपणा मनातून यावा लागतो. बाबासाहेबांनी आपल्याला पोलिसाचा दंडुका दिला नाही, प्रतिज्ञा दिली, हे विसरू नका. तेरपासून फार लांब नसलेल्या कसबे तडवळ्याला २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते, याचा अभिमान आम्ही दरवर्षी मिरवतो. त्या अभिमानाला शोभेल असे आपले काम आहे काय?

धम्माचे मार्गदर्शन तर याहून थेट आहे. पाचवे शील नशेला मनाई करते ते कशासाठी? नशा प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला कारण होते म्हणून. मशीनवर, स्टिअरिंगवर, परातीवर बेसावधपणाचा अर्थ काय होतो, हे कामगाराला सांगावे लागत नाही. याच तेरच्या संत गोरोबाकाकांची आख्यायिका महाराष्ट्राला ठाऊक आहे. चिखल तुडवताना भान हरपले आणि पायाखाली स्वतःचे लेकरू आले. तिथे भान भक्तीने हरपले होते. पण भान कशानेही हरपो, पायाखाली येते ते लेकरूच. आणि दारूने ते रोज येत आहे.

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले आहेत : धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. हे आपण विहारात ऐकतो. पण त्याच सुत्तात मालकाची पाच कर्तव्येही सांगितली आहेत, ती फारसे कोणी सांगत नाही. नोकराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात सेवा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. एकाच सुत्तात कामगाराला निर्व्यसनी राहायला सांगितले आहे आणि मालकाला आजारी कामगाराची काळजी घ्यायला सांगितले आहे. कामाच्या जागी नशामुक्तीचे धोरण म्हणजे दुसरे काय? तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले, तेच १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या आचारसंहितेत मांडले : व्यसन हा आरोग्याचा प्रश्न माना, धोरण मालक-कामगार दोघांनी मिळून करा, माहिती गुप्त ठेवा, शिक्षेआधी उपचाराची संधी द्या.

असे धोरण तेरमध्ये, ढोकीच्या साखर कारखान्यात, धाराशिवच्या कचेऱ्यांत कसे असावे? आमचा मसुदा असा आहे.

पहिली गोष्ट, नियम सर्वांना सारखा. मजुराने प्यायलेली देशी गुन्हा आणि संचालकाने रेस्ट हाऊसवर प्यायलेली विदेशी पाहुणचार, हे चालणार नाही. दुसरी, धोरण मराठीत, एका पानाचे, भिंतीवर लावलेले असावे आणि ते ठरवताना कामगारांचे प्रतिनिधी, त्यात महिला कामगार, हजर असाव्यात. घरातली दारू त्यांनाच सर्वात आधी कळते. तिसरी, संशय आला तर माणसाला ताबडतोब मशीनवरून दूर करावे, पण निर्णय डॉक्टरने द्यावा. तेरला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे नेऊन आधी साखर आणि रक्तदाब तपासावा, मग नशा. तपासणी संमतीने व्हावी आणि अहवालाची प्रत कामगाराला मिळावी. चौथी, त्या दिवशी त्याला मोटारसायकलवरून एकटे घरी पाठवू नये, कोणीतरी पोहोचवावे.

पाचवी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, जो स्वतःहून "मला सोडायची आहे" असे सांगेल, त्याची नोकरी उपचाराच्या काळात सुरक्षित राहावी. जुन्या पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून "उद्यापासून बंद कर" हा सल्ला नव्हे, वैद्यकीय देखरेखीत उपचार हवा. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. ते कारखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहायला किती खर्च येतो? सहावी, उपचाराची संधी देऊनही वारंवार तेच झाले तर कारवाई व्हावी, पण लेखी आरोप, खुलासा आणि चौकशीनंतरच. सातवी, मजुरी बँकेत जमा व्हावी, जोडीने राबणाऱ्या बाईची मजुरी तिच्याच खात्यावर जावी आणि जादा काम काढून घेण्यासाठी बाटली देणाऱ्या मुकादमाला गैरवर्तनाची पहिली नोटीस मिळावी.

नशा आता फक्त दारूची राहिलेली नाही. २०२५ साली आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरचे एम.डी. प्रकरण उघडकीस आले आणि हे विष गावात पोहोचल्याचे सर्वांनी पाहिले. रात्रपाळी करणाऱ्या तरुण पोरांना जागे राहण्यासाठी म्हणून असली पूड देणारे दलाल निघतात. अशा पोरांच्या आईबापांना आम्ही वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने पोरगा लपवू नका, त्याला दवाखान्यात न्या.

गावातले दुकान बंद करण्याचा मार्गही कायद्यात आहे. २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी वा एकूण मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. हा अधिकार जरूर वापरावा. पण दुकान बंद झाले तरी फडातली, भट्टीवरची आणि गटारातली दारू त्याने थांबत नाही, म्हणून कामाच्या जागी धोरण हवेच.

आता शेवटचा प्रश्न आपल्यालाच. ज्या संस्था आपल्या आहेत, आपल्या शाळा, वसतिगृहे, पतसंस्था, विहार समित्या, कामगार संघटना, त्यातल्या किती ठिकाणी असे एक पान भिंतीवर लावलेले आहे? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणारा पोरगा आपलाच आहे आणि त्याला वर्गणीतून पाजणारा कार्यकर्ताही आपलाच आहे. दुसऱ्याच्या कारखान्याकडे धोरण मागण्याआधी ते आपल्या समितीच्या इतिवृत्तात लिहा. आम्ही आमच्यापासून सुरुवात केली आहे. नशेच्या आरोपाचे कोणतेही प्रकरण आमच्याकडे आले की आम्ही बचाव घेतो, पण वकीलपत्रावर सही घेण्याआधी त्या माणसाला घेऊन दवाखान्याची पायरी चढतो. काहीजण रागावून निघून जातात. काहीजण राहतात. जे राहिले त्यांचे हात शाबूत आहेत.

हात गेलेला तो बांधव आता घरीच असतो. त्याची बायको दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला उशिरा सापडले. तुमच्या गावात, तुमच्या कारखान्यात, तुमच्या वस्तीत तो प्रश्न विचारला जाण्याआधी ते उत्तर भिंतीवर लावा.

जयभीम!